अस्वलांच्या मुलखात तीन रात्री: बॅन्फमधल्या पहिल्या स्क्रॅम्बलची तयारी

कॅल्गरीत नव्याने आलेली सह्याद्रीतली ट्रेकर मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अस्वल समोर आलं तर काय करायचं?" त्याचं उत्तर या लेखात पुढे आहेच. पण माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठे असाल, किती दमलेले असाल आणि तोंडाने बोलत असाल की गप्प चालत असाल? शिखरावर, उघड्या धारेवर अस्वलाची गाठ क्वचितच पडते. गाठ पडते ती खाली, ओढ्याकाठच्या झुडपांत, उशीर झालेला असताना. म्हणून इथे चढाईचं वेळापत्रक आणि अस्वलापासूनची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वेळापत्रक चुकलं की कंबरेला लावलेला, अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे हा शेवटचा आधार उरतो.

स्क्रॅम्बल म्हणजे काय ते एकदा स्पष्ट करून घेऊ. पायवाट संपल्यावर हातापायांचा वापर करत, पण सहसा दोराशिवाय केलेली चढाई. इथे तिच्या सोपी, मध्यम आणि कठीण अशा तीन श्रेणी मानतात. अलंग-मदन-कुलंग किंवा नळीची वाट केलेल्यांना 'सोपी' श्रेणी किरकोळ वाटेल, पण फसू नका. आपला काळा कातळ बहुतेक ठिकाणी हाताला पक्का लागतो. कॅनेडियन रॉकीज चुनखडकाचे आणि शेलचे, म्हणजे थरांत सुटणाऱ्या ठिसूळ दगडाचे आहेत. हाताशी आलेला होल्ड, म्हणजे पकडायचा दगड, सुटून हातातच राहतो आणि घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, शेकडो मीटर उतरत जातो. प्रत्येक होल्ड आधी मुठीने ठोकून पाहायचा आणि पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा. हेल्मेट सोप्या श्रेणीतही हवंच, कारण वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड श्रेणी पाहत नाही.

जागा कोणती निवडायची

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी स्कोकीचा भाग सुचवतो. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात, लेक लुईजच्या स्की केंद्राजवळच्या फिश क्रीक वाहनतळापासून वाट सुरू होते. गाडी लावतो तिथली उंचीच कळसूबाईच्या शिखराच्या, म्हणजे १६४६ मीटरच्या आसपास आहे. पहिले जवळपास चार किलोमीटर स्की केंद्राच्या रुंद कच्च्या रस्त्याने कंटाळवाणे जातात, मग जंगलातली पायवाट लागते. साधारण सात किलोमीटरवर हिडन लेकचा मुक्कामाचा तळ येतो, त्याचा सांकेतिक क्रमांक एसके ५. त्यापुढे बोल्डर पास, टार्मिगन तलाव आणि सुमारे २४७५ मीटर उंचीचा डिसेप्शन पास. ही खिंड नावासारखीच आहे: खालून माथा हाताशी वाटतो आणि चढू लागलं की पुढे सरकत राहतो.

हिडन लेकचा तळ निवडण्याचं खरं कारण म्हणजे तो जंगलाच्या वरच्या सीमेवर आहे. रॉकीजमध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचं वादळ उठतं, त्यामुळे शिखरावरून लवकर उतरायचं असतं आणि त्यासाठी लवकर निघावं लागतं. पण पहाट आणि तिन्हीसांजा याच अस्वलांच्या फिरण्याच्या वेळा. खोल दरीत मुक्काम केलात तर पहाटेच्या अंधारात दाट झाडीतून चालायची पाळी येते. तळ उंचावर असला की सकाळी निघाल्यावर थोड्याच वेळात मोकळं माळरान लागतं आणि दूरवरचं दिसू लागतं. आपल्याकडची रात्री दोनला निघून सूर्योदय माथ्यावर पाहायची सवय इथे घरी ठेवून या. जुलैत इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सकाळी सहाला निघालात तरी दिवस पुरतो.

या तळावरून दोन शिखरं होतात. डिसेप्शन पासच्या बाजूचा फॉसिल माउंटन, उंची २९४६ मीटर, आणि हिडन लेकच्या वर उभा असलेला माउंट रिचर्डसन, उंची ३०८६ मीटर. दोन्ही सोप्या ते मध्यम श्रेणीत मोडतात. आधी फॉसिल करा. खिंडीपासून पावणेपाचशे मीटरचा घसाऱ्याचा चढ आहे, त्यात इथल्या दगडाची ओळख होते. रिचर्डसनला तळापासून जवळपास नऊशे मीटर चढावं लागतं आणि जुलैच्या सुरुवातीला त्याच्या उतारांवर बर्फ शिल्लक असतो. बर्फकुऱ्हाड वापरता येत नसेल तर जुलै संपेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

तीनही रात्री एकाच तळावर काढा. नव्या माणसाला रोज तळ हलवण्याची हौस असते, मलाही होती. त्यात रोज पाठीवर पूर्ण ओझं येतं, रोज नवी जागा समजून घ्यावी लागते आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिखरावर जाताना सॅक वाटेत ठेवून जायचा मोह होतो. अन्न असलेली सॅक खिंडीत ठेवून वर जाणं म्हणजे अस्वलाला पाटावर बसवून वाढणं. अस्वल नाही आलं तर मार्मोट, म्हणजे इथली जाडजूड डोंगरी खार, येऊन सॅक कुरतडतो.

महिने आधी: परवाना, मोसम, सोबती

मुक्कामाचा परवाना पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून काढायचा असतो. उन्हाळ्याच्या जागांची नोंदणी हिवाळ्यातच उघडते आणि शनिवार-रविवार भराभर जातात. हुकलात तर निराश होऊ नका. लोक रद्द करतात आणि जागा पुन्हा दिसू लागतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांकडे लक्ष ठेवा. परवाना माणशी प्रत्येक रात्रीसाठी असतो आणि उद्यानाचा प्रवेश पास त्याशिवाय वेगळा लागतो.

मोसम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवा. साधारण जुलैच्या मध्यापासून बफेलोबेरी नावाची लाल फळं पिकतात. ग्रिझली, म्हणजे इथलं मोठं तपकिरी अस्वल, ती दिवसाला दोन लाखांपर्यंत खाऊ शकतं, असं पार्क्स कॅनडा सांगतं. हिवाळ्यातल्या झोपेसाठी त्याला चरबी साठवायची असते आणि त्या दिवसांत त्याचं डोकं झुडपात खुपसलेलं असतं. मोहफुलांच्या हंगामात पहाटे झाडाखाली अस्वल असतं, हे गडचिरोलीतल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच इथे बफेलोबेरीचं झुडूप ओळखायला शिका: कंबरेएवढी उंची, पानं वरून हिरवी, खालून रुपेरी आणि त्यावर तांबूस ठिपके. लाल फळांनी लगडलेलं झुडूप वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसलं की आवाज वाढवायचा.

सोबती चार असावेत. लेक लुईजजवळच्याच लार्च व्हॅली आणि मोरेन लेक परिसरात काही मोसमांत चौघांनी एकत्र, जवळजवळ चालण्याची कायदेशीर सक्तीच असते. तशी ती स्कोकीला नसली तरी मी ती पाळतो. चार माणसांचा आवाज मोठा असतो, आकार मोठा दिसतो आणि कुणाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबून दोघांना मदतीसाठी जाता येतं. आणखी एक: चौघांपैकी सगळ्यात सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवा. गट लांबला की शेवटचा माणूस एकटाच चालत असतो.

स्प्रे: कुठे, कसा, केव्हा

अस्वलाचा स्प्रे म्हणजे मिरचीतल्या कॅप्सेसिनचा दाबाखाली भरलेला डबा. तो विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. त्यामुळे टोरांटो किंवा व्हँकुव्हरहून उडत येणाऱ्यांनी कॅल्गरीत उतरल्यावरच विकत किंवा भाड्याने घ्यावा. स्टोव्हच्या गॅसलाही तोच नियम. डब्यावर मुदतीची तारीख असते, ती पाहून घ्या.

प्रत्येकाकडे स्वतःचा डबा हवा आणि तो कंबरेच्या किंवा छातीच्या पट्ट्यावर हवा. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण माझ्या पहिल्या मोसमात मी तो सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवला होता. आम्ही तिघे फॉसिलवरून उशिरा उतरत होतो आणि बेकर लेकच्या तळाकडे चाललो होतो. साडेआठ वाजलेले, पाय गळालेले, अर्धा तास कुणी शब्द बोललं नव्हतं. तलावाकाठी विलोची झुडपं आहेत. त्यांतून बाहेर पडलो तर साठ-सत्तर पावलांवर एक मादी ग्रिझली आणि तिच्यामागे पिल्लू. ती मागच्या पायांवर उभी राहिली. माझा हात सॅकच्या खिशाकडे गेला, पण तिथपर्यंत पोचेना. आम्ही एकमेकांना चिकटून हळू आवाजात बोलत मागे सरकलो. ती खाली टेकली, पिल्लाला घेऊन झुडपात शिरली. मागच्या पायांवर उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ती नीट पाहायचा आणि वास घ्यायचा प्रयत्न करत होती, हे मला नंतर समजलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

डबा काढणं, सुरक्षा-क्लिप अंगठ्याने उडवणं आणि निशाणा धरणं हे घरी वीस-पंचवीस वेळा करा. सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात, एक चौघांत घ्या. अस्वल पाच ते दहा मीटरवर आलं की मारायचा, निशाणा किंचित खाली, म्हणजे ढग त्याच्या नाकासमोर उठतो. अख्खा डबा काही सेकंदांत रिकामा होतो, म्हणून एका दाबात सगळा संपवू नका. वारा आपल्याकडे असला तर थोडा आपल्यालाही लागेल, तरीही मारायचा. डासांच्या औषधासारखा तो तंबूवर किंवा कपड्यांवर फवारायचा नसतो. दोन कातळांमधल्या धुराड्यासारख्या अरुंद जागेतून चढताना डबा कातळाला घासून क्लिप निघू शकते, तेवढ्यापुरता तो छातीच्या पट्ट्यावर घ्या. रात्री तंबूत उशाशी, टॉर्चच्या शेजारी ठेवा.

जेवण आणि वास

मराठी घरातल्या माणसाला सगळ्यात अवघड जाणारा भाग हा. आपलं खाणं वासाचं आहे. हिंगाची फोडणी, लोणचं, भडंग, सुका जवळा यांचा वास आपल्याला घराची आठवण देतो आणि अस्वलाच्या नाकाला मैलभरावरून पत्ता देतो. मी घरी भाजून-वाळवून नेतो: उपम्याचा भाजलेला रवा, मुगाच्या खिचडीचं कोरडं मिश्रण, मेथीचे ठेपले, दाण्याची चिक्की, दशम्या. फोडणी घरीच करून मिश्रणात मुरवायची, म्हणजे तळावर फक्त उकळतं पाणी लागतं. माणशी दिवसाला सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडं अन्न पुरतं. लोणच्याची बरणी नेऊ नका. फार जीव अडकला असेल तर एका जेवणापुरती घट्ट बंद पुडी न्या आणि रिकामी पुडी कचऱ्यात नीट बांधून परत आणा.

तळावर अन्न ठेवायला लॉकर किंवा उंच टांगायची केबल असते. त्यात फक्त अन्न ठेवायचं असं लोकांना वाटतं. वास असलेली प्रत्येक वस्तू त्यात जाते: टूथपेस्ट, बाम, सनस्क्रीन, लिप बाम, साबण, औषधांच्या गोळ्या, स्टोव्ह, भांडी, कचरा, मासिक पाळीत वापरलेले पॅड, शिवाय ज्या कपड्यांवर सांडलं ते कपडे. सुपारी, बडीशेप आणि देवाची उदबत्तीसुद्धा. एकदा आमच्यातल्या एका ताईंना रात्री अकराला आठवलं की जाकिटाच्या खिशात चिक्कीचा तुकडा राहिला आहे. थंडीत कुडकुडत आम्ही दोघं जाऊन तो लॉकरमध्ये ठेवून आलो. तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवण झालं की सगळे खिसे उलटे करायचे, हा आमच्या गटाचा नेम आहे.

लॉकर नसलेल्या ठिकाणी मुक्काम पडलाच तर पिशवी जमिनीपासून किमान चार मीटर उंच आणि खोडापासून मीटरभर तरी दूर टांगायची. हे उजेडात करायचं काम आहे. स्वयंपाकाची जागा, अन्नाची जागा आणि तंबू एकमेकांपासून शंभर पावलं तरी लांब असू द्या आणि तंबू वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा. तळावर स्वयंपाकाची जागा नेमून दिलेली असते, पाऊस आला तरी तंबूत शिजवू नका. भांडी खरवडून खा. धुतलेलं पाणी गाळून खरकटं कचऱ्यात टाकायचं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी फिल्टर करून किंवा उकळून प्या, त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो.

चालताना

अस्वलाला अचानक गाठणं टाळायचं, एवढंच इथलं सूत्र. घुंगरांसारख्या घंटा दुकानात मिळतात, त्या घेऊ नका, त्यांचा आवाज दूर जात नाही. माणसाचा आवाज हवा. इथले लोक "हे बेअर" ओरडतात. आमचा गट "गणपती बाप्पा मोरया" म्हणतो आणि मागचे तिघे "मोरया" देतात. ओढ्याजवळ, वळणावर, दाट झुडपात आणि समोरून वारा असताना आवाज दुप्पट करायचा, कारण तिथे ना त्याला ऐकू येतं ना त्याला आपला वास लागतो. कानात इअरफोन कुणीही घालायचे नाहीत.

खुणा वाचायला शिका. माळरानावर ताजी उकरलेली माती दिसली तर ग्रिझलीने मुळांसाठी किंवा बिळातल्या खारींसाठी खणलं आहे. विष्ठेत फळांच्या बिया दिसल्या आणि ती ओली असली तर अस्वल जवळच आहे. डोमकावळे एका जागी घिरट्या घालत असतील, सडका वास येत असेल, तर तिथे मेलेलं जनावर आहे आणि त्यावर अस्वलाची राखण असू शकते. त्या क्षणी मागे फिरायचं, शिखर कितीही जवळ असलं तरी.

दिसलंच तर किमान शंभर मीटर अंतर ठेवा. पळू नका, अस्वल घोड्यासारखं धावतं. एकत्र या, शांत आवाजात बोला, स्प्रे हातात घ्या, हळू मागे सरका. ग्रिझलीला खांद्यावर कुबड असतं, चेहरा मधे दबलेला, नख्या लांब. काळ्या अस्वलाला कुबड नसतं. रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं. पिल्लासाठी किंवा अन्नासाठी दचकून अंगावर आलेलं अस्वल प्रत्यक्ष भिडलं तर पालथं पडायचं, सॅक पाठीवर तशीच ठेवायची, बोटं मानेमागे गुंफायची, पाय फाकवायचे म्हणजे ते उलटं करू शकत नाही. ते निघून गेल्याची खात्री होईपर्यंत हलायचं नाही. पण जे अस्वल शांतपणे मागे मागे येतं किंवा रात्री तंबूत शिरतं, त्याला आपण भक्ष्य वाटतो आहोत. तिथे मेल्याचं सोंग नाही. दगड, काठी, हात जे मिळेल त्याने, नाक आणि डोळ्यांवर, सगळं बळ लावून लढायचं.

शिखराचा दिवस

आदल्या रात्री परतीची वेळ ठरवा आणि ती चौघांनी मोठ्याने म्हणा. आमची दुपारी एक आहे. एक वाजता जिथे असू तिथून मागे. या हिशेबाने पाचला तळावर पोचतो, सहापर्यंत जेवण, सातपर्यंत लॉकर बंद, आणि या सगळ्याला लख्ख उजेड असतो. त्या बेकर लेकच्या संध्याकाळी आम्ही माथा सोडला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पुढचं सगळं त्यातून आलं.

निघताना तंबूत काही वासाचं नाही हे एकाने तपासायचं, लॉकरची कडी दुसऱ्याने. दिवसाचं खाणं अंगावरच्या सॅकमध्ये, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी ती उतरवून ठेवायची नाही. ढग कापसासारखे उंच वाढू लागले की धार सोडा. घसाऱ्यावर एकाखाली एक उभं राहू नका, तिरके अंतर ठेवून चढा. दृष्टिभय, म्हणजे खालची खोली पाहून भीती, वाटलं तर तिथेच सांगा. वर जाता आलेला टप्पा उतरता येईलच असं नसतं, आणि परतीचे कष्ट वाढले की संध्याकाळ पुढे ढकलली जाते.

मोबाइलला तिथे रेंज नाही. गटात एक तरी उपग्रह संदेशयंत्र हवं, इनरीचसारखं, आणि ते दोघांना वापरता यायला हवं. घरी थांबलेल्या माणसाकडे वाट, तळाचा क्रमांक, गाडीचा नंबर आणि "अमुक वेळेपर्यंत निरोप नाही आला तर मदत मागव" अशी नेमकी वेळ लिहून द्या. आईला नको, ती पहिल्याच रात्री फोन करेल. कॅल्गरीतल्या मित्राला द्या.

निघायच्या आदल्या दिवशी पार्क्स कॅनडाची सूचनापत्रकं वाचा. अस्वलाच्या वावरामुळे वाट बंद असेल तर बंद म्हणजे बंद, नुसता इशारा असेल तर गटाने बसून ठरवा. दुसरी जागा आधीच हाताशी ठेवली असली की हा निर्णय शांतपणे घेता येतो. सप्टेंबर २०२३मध्ये बॅन्फच्या रेड डियर नदीच्या खोऱ्यात एका जोडप्याचा ग्रिझलीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. दोघंही अनुभवी होती, त्यांचं अन्न नियमाप्रमाणे टांगलेलं होतं आणि स्प्रे वापरला गेला होता. सगळं नीट करूनही थोडा धोका उरतो. तो कबूल असेल तरच या, आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाला हे घरीच सांगा.

परतल्यावर फिश क्रीकला गाडीशी पोचलात की आधी कॅल्गरीतल्या मित्राला निरोप द्या, मग दशम्यांचा उरलेला डबा उघडा. स्प्रे उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका, डबा फुटू शकतो. अस्वल दिसलं असेल तर जागा आणि वेळ लेक लुईजच्या माहिती केंद्रात जाऊन सांगा, तुमच्यामागून दुसरे चार जण त्याच वाटेने चढणार असतात.